अमिगा ५०० की २०००? स्लॉट मोजू नका, बॅटरी कुठे आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीला दोन खोल्यांचं घर, टेबल एकच आणि तेही मुलीच्या अभ्यासाचं. मामेभाऊ दिवाळीत इंग्लंडहून येतोय. तिथे त्याला कमोडोर कंपनीची दोन जुनी घरगुती संगणकाची मशीन जवळपास सारख्याच किमतीत मिळतायत, अमिगा ५०० आणि अमिगा २०००. बॅगेत एकच बसेल. २००० ला कार्डं घालायला स्लॉट आहेत, उद्या वाढवता येईल, म्हणून तुमचं मन तिकडे झुकलंय. ५०० म्हणजे नुसता जाडसर कीबोर्ड, त्यात पुढे काय करणार, अशी शंका.

५०० आणायला सांगा. कारण जरा लांबण लावून सांगतो, कारण मी स्वतः पुष्कळ वर्षं तुमच्यासारखाच "मोठं घेऊन ठेवावं, वाया जात नाही" या पंथातला होतो. वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या कंट्रोलरचे बोर्ड दुरुस्त करण्यात नोकरी गेली, त्यामुळे पत्र्याचा मोठा डबा आणि आत रांगेत उभी कार्डं दिसली की आपोआप आदर वाटतो. आज ठाण्याला कोपरीच्या घरी माझ्याकडे दोन्ही अमिगा आहेत. एक कपाटात पुस्तकांशेजारी उभं राहतं. दुसऱ्यावरून घरात अजून बोलणं बसतं.

छोटं आणि मोठं मॉडेल समोर असलं की मी आधी एकच विचारतो: छोटं हे तेच मशीन आहे का, की काटछाट केलेलं वेगळंच मशीन आहे? सगळा निर्णय इथे फिरतो आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत.

तुम्ही लिहिलंय की शाळेत बीबीसी मायक्रो होता. तेच उदाहरण घेऊ. १९८४ च्या सुमाराला 'क्लास' प्रकल्पात ही मशीन आपल्याकडच्या शाळांत आली, मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ती 'युनिकॉर्न' नावानेही काढली. त्याच ॲकॉर्न कंपनीने १९८३ मध्ये स्वस्त आणि आटोपशीर 'इलेक्ट्रॉन' आणला. बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा तीच, प्रोसेसर तोच ६५०२. पण खर्च वाचवायला मेमरी चार-चार बिटांनी वाचायची सोय केली, त्यामुळे मशीन मंदावलं. शिवाय बीबीसीचा टेलिटेक्स्टसारखा (टीव्हीवरच्या मजकुराच्या पानांसारखा) 'मोड ७' त्यात नाहीच, आणि शाळेतले बरेच कार्यक्रम त्याच मोडवर चालायचे. शाळेतल्या आठवणीसाठी कोणी इलेक्ट्रॉन घेतला तर तो फसला. तिथे मोठंच घ्यावं, बीबीसीच.

ॲपलचं उलट. पहिल्या ॲपल टूच्या वेळी स्टीव्ह जॉब्ज यांना दोन स्लॉट पुरेसे वाटत होते, त्यांचे भागीदार वॉझ्नियाक आठांवर अडून बसले, आणि ते मशीन इतकी वर्षं चाललं त्यात त्या आठांचा वाटा मोठा. पुढे १९८३ मध्ये टू-ई आला, १९८४ मध्ये बिनस्लॉटचा टू-सी. पण टू-सी काटछाटीतून झालेला नाही. लोक टू-ईमध्ये जी कार्डं हमखास घालत, फ्लॉपीचं, ऐंशी कॉलमचं, प्रिंटर-मोडेमचं, जादा ६४ केबीचं, ती सगळी त्याच्या बोर्डावरच उतरवली आहेत. गंमत म्हणजे आतलं सॉफ्टवेअर स्लॉट असल्याचं सोंगही करतं: प्रिंटर १ नंबरला, मोडेम २ ला, फ्लॉपी ६ ला. टू-ईसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही की समोर स्लॉटच नाहीत.

५०० आणि २००० यांचं नातं टू-ई आणि टू-सीपेक्षाही जवळचं आहे. दोन्ही १९८७ ची. तोच मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, पॅल (आपल्याकडची आणि इंग्लंडची टीव्हीची पद्धत) मशीनमध्ये ७.०९ मेगाहर्ट्झवर. चित्र-आवाज सांभाळणाऱ्या खास चिपही त्याच: तीच ॲग्नस, तीच डेनिस, तीच पॉला. तीच ८८० केबीची फ्लॉपी. सुटे चिप इकडचे काढून तिकडे बसवता येतात. मी २००० ची पॉला तपासायला सरळ ५०० मध्ये घालून बघतो. फरक एवढाच की २००० मध्ये १ एमबी मेमरी घरचीच, ५०० मध्ये ५१२ केबी आणि उरलेली तळाच्या झाकणातल्या कार्डावर. गेम, चित्रं, संगीत यात दोघांत काडीचाही फरक नाही.

मग स्लॉट कशासाठी होते? २००० मध्ये झोरो नावाचे पाच, प्रोसेसरसाठी एक, व्हिडिओसाठी एक आणि शिवाय पीसीच्या कार्डांचे काही. त्या काळी ही चैन खरी होती. कार्ड घातलं की मशीन स्वतःच ओळखून पत्ता देई, आणि हे कधी, तर पीसीवाले इवल्या जंपरच्या टोप्या चिमट्याने हलवत बसले होते तेव्हा. ब्रिजबोर्ड नावाचं कार्ड घातलं की अमिगाच्या पोटात अख्खा ८०८८ वाला पीसी चालायचा. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अर्धा तास खुर्चीतून उठलो नव्हतो.

मी पहिलं २००० पाहिलं तेही एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे, नौपाड्यात. जेनलॉक (संगणकाचं चित्र व्हिडिओवर चढवणारं यंत्र) लावून वधूवरांची नावं गुलाबाच्या पाकळ्यांसकट पडद्यावर सरकवायचा आणि एका लग्नाचे वर पैसे घ्यायचा. आम्हाला ती जादू त्या मोठ्या डब्याची वाटायची. नंतर कळलं, जेनलॉक ५०० च्या मागच्या चित्राच्या (आरजीबी) पोर्टलाही लागतो. आणि ज्या 'व्हिडिओ टोस्टर' कार्डामुळे २००० ची कीर्ती झाली, तो १९९० चा अमेरिकन प्रकार एनटीएससीलाच, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीलाच चालतो. इंग्लंडहून येणाऱ्या पॅल मशीनमध्ये तो घालून तुम्हाला उपयोग शून्य.

आता आजचं बघू. तुम्ही नेमकं काय वाढवणार आहात? मला तीन गोष्टी दिसतात आणि तिन्हींना स्लॉट लागत नाही. फ्लॉपी आता मिळत नाहीत, मिळाल्या तर बुरशी घेऊन येतात. त्यासाठी गोटेक नावाची डबी जुन्या ड्राइव्हच्या जागी बसते, त्यात 'फ्लॅशफ्लॉपी' घातलं की पेनड्राइव्हवरच्या शेकडो फ्लॉपी चालतात. एकेक फाइल बरोबर ९,०१,१२० बाइटची. दुसरं, वेग आणि मेमरी. पायस्टॉर्म नावाचा छोटा बोर्ड ६८००० च्या जागी बसतो, त्यावर रास्पबेरी पाय ३ए प्लस हा चिमुकला संगणक. ही सोय मुळात ५०० समोर ठेवूनच केली गेली. तिसरं, चित्र. अमिगा १५ किलोहर्ट्झवर चित्र देतं, नेहमीच्या व्हीजीए मॉनिटरला ३१ लागतात, म्हणून तो काळाच राहतो आणि लोक मशीन मेलं समजतात. डेनिसच्या खाली बसणारा, पाय झिरोवर चालणारा एक बोर्ड येतो, तो सरळ एचडीएमआय काढून देतो. हे तिन्ही बसवलं तरी ५०० बाहेरून तसंच दिसतं.

झोरोची जुनी कार्डं मात्र आता हौशी लोकांच्या कपाटात गेली आहेत. बाजारात आलीच तर मशीनहून महाग, आणि त्यावर परदेशातून मागवायचा खर्च. रिकामे पाच स्लॉट म्हणजे मोकळ्या फडताळासारखे, धूळ तेवढी साठते.

आता मुख्य मुद्दा. या मशीनमध्ये वयाने हमखास खराब होणाऱ्या दोन वस्तू असतात, घड्याळाची बॅटरी आणि वीजपुरवठा. २००० मध्ये दोन्ही पोटात आहेत. ५०० मध्ये दोन्ही बाहेर निघतात.

२००० ची बॅटरी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची, बोर्डावर सोल्डर केलेली, तीही प्रोसेसरच्या जवळ. ती फुटली की आतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं आणि तांब्याच्या वाटा खात सुटतं. आपल्या हवेत तर विचारू नका. माझं २००० मी घराचं रंगकाम निघालं म्हणून माळ्यावर चढवलं, बॅटरी काढायची "पुढच्या रविवारी" ठरवली आणि मध्ये दोन पावसाळे गेले. खाली काढून झाकण उघडलं तर बॅटरीभोवती हिरवट-निळा लोणा फुटल्यासारखा थर, प्रोसेसरच्या सॉकेटचे पाय काळे. काळ्या पडलेल्या पायाला सोल्डर चिकटत नाही, गोळी होऊन घरंगळतं. आधी लिंबाचा रस ब्रशने फिरवला, कारण ते क्षार आहे, आम्लानेच मरतं. व्हिनेगरही चालतं. मग पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं, सॉकेट उपटला, तुटलेल्या अकरा वाटा मल्टिमीटरने शोधून बारीक तारेने जोडल्या. तीन रविवार गेले. चष्म्याचा नंबरही त्याच सुमाराला वाढला, पण तो दोष बॅटरीवर ढकलत नाही.

५०० मध्ये तीच बॅटरी असली तर तळाच्या मेमरी कार्डावर असते. झाकण सरकवा, कार्ड ओढा, बॅटरी बाहेर. फुटलेली असली तरी बहुतेक वेळा कार्डच खराब होतं, फार तर जोडणीचे पाय साफ करावे लागतात. मूळ बोर्ड वाचतो. कार्ड नव्याने बनवलेलं सहज मिळतं.

वीजपुरवठ्याचंही तसंच. ५०० चा वेगळा ठोकळा असतो, त्यातून ५ व्होल्ट आणि अधिक-उणे १२ व्होल्ट येतात. तो गेला तर लॅमिंग्टन रोडवरून तयार एसएमपीएस मॉड्यूल आणून जुनी वायर जोडली की झालं. २००० चा पुरवठा डब्यात, पंख्यासकट, तीसेक वर्षांची धूळ ओढून बसलेला. त्याच्या जागी पीसीचा पुरवठा घालता येतो, पण त्यात एक खोच आहे: २००० आपल्या घड्याळाची टिकटिक मुख्य विजेच्या ५० हर्ट्झवरून घेतं, आणि पीसीच्या पुरवठ्यात ती तार नसते. बोर्डावरचा जे ३०० जंपर फिरवावा लागतो, नाहीतर मशीन सुरू होऊन मध्येच थिजल्यासारखं वागतं आणि माणूस भलत्याच चिपवर संशय घेतो. शिवाय पत्र्याचा डबा आहे. जुन्या इमारतीत अर्थिंग नीट नसलं तर हात लावल्यावर झिणझिण्या येतात. कीबोर्डवाल्या प्लॅस्टिक मशीनला हा त्रास फारसा नाही.

बाहेरचा ठोकळा म्हणजे नेहमीच सज्जन, असंही नाही. कमोडोर ६४ चा ठोकळा त्यासाठी बदनाम आहे. आतला भाग राळेत बुडवलेला, रेग्युलेटर गेला की ५ व्होल्टच्या जागी जास्त दाब सोडतो आणि मेमरी चिप जळतात. उघडून दुरुस्तही करता येत नाही. पण तिथेही ठोकळा फेकता येतो, मशीनला हात न लावता. बीबीसी मायक्रोमध्ये पुरवठा आतच असतो आणि त्यातल्या कागदी फिल्टर कपॅसिटरचं कवच तडकून दमट हवा शोषतं. मग एक दिवस फट्‌ आवाज आणि खोलीभर घाण धूर. दोन कपॅसिटर, काही रुपयांत नवे एक्स-टू जातीचे येतात. वीज लावण्याआधीच बदलायचे.

मात्र "छोटं म्हणजे सुरक्षित" हे सूत्र पाठ करून दुसरंच मशीन घेऊ नका. दुकानदार ५०० म्हणून '५०० प्लस' खपवेल. ते १९९१ चं, बाहेरून तेच, पण बॅटरी मूळ बोर्डावर आहे. म्हणजे २००० चा रोग ५०० च्या अंगात. १९९२ ची ६०० आणि १२०० याहून छोटी आणि देखणी, १२०० तर रंगांच्या बाबतीत या दोघांनाही मागे टाकतं. पण त्यांच्या बोर्डावर चपटे बसवलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहेत आणि ते झिरपतात. तिथे सोल्डरिंग आयर्न लावलं की सुक्या बोंबलासारखा वास येतो. आमच्याकडे एकदा शेजारच्या काकू विचारायला आल्या होत्या, आज काय बेत म्हणून. ते काम हौशी माणसाच्या हातून पहिल्याच मशीनवर होऊ नये.

५०० चेही दोष आहेत, ते सांगतो. कीबोर्ड आणि मशीन एकच, त्यामुळे चहा सांडला तर तो कीबोर्डवर थांबेल याची खात्री नाही. एका टेबलावर अभ्यास, डबा आणि अमिगा असणार असेल तर हा दोष मी हलका मानणार नाही. २००० चा कीबोर्ड सुटा आहे, मशीन बाजूला राहतं. दुसरं, आत जागा नाही, पंखा नाही. पायस्टॉर्म, एचडीएमआय सगळं कोंबलं की मे महिन्यात ते चांगलंच तापतं. मी उन्हाळ्यात मागून एक छोटा पंखा सोडतो. आणि तिसरं, काम करायला मोठा डबा खरोखर सुखाचा असतो. हात जातो, स्क्रू सापडतात.

२००० कधी घ्यावं? भावाला मिळणाऱ्या मशीनमध्ये आधीच कार्डं असतील, हार्डडिस्कचं, मेमरीचं, ब्रिजबोर्ड, आणि तुम्हाला त्या कार्डांचाच नाद असेल तर. तेव्हा कार्डं महत्त्वाची आणि मशीन म्हणजे त्यांचं घर. पण झाकण उघडून बॅटरीच्या जागेचा जवळून काढलेला फोटो मिळाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. "चालू स्थितीत आहे" या वाक्याला अर्थ नाही. वाटा अर्ध्या खाल्लेल्या असतानाही मशीन चालू असतं, एक दिवसापर्यंत. माझंही माळ्यावर चढताना चालूच होतं.

आता भावाला काय सांगायचं ते. ५०० च्या तळाच्या झाकणाचा उघडून फोटो मागव. बॅटरी असलेलं कार्ड असेल तर प्रवासाआधीच काढून वेगळ्या पिशवीत ठेव. वीजपुरवठ्याचा ठोकळा बंद असला तरी आण, कारण त्याच्या टोकाचा चौकोनी पाच पिनांचा प्लग आपल्याकडे मिळणं मुश्कील, तो कापून नव्या पुरवठ्याला लावता येतो. माउस आण. आपल्याकडच्या जुन्या पीसीच्या नऊ पिनी माउसला जोड तशीच दिसते, पण तो अमिगाला चालत नाही. आरजीबीची स्कार्टवाली (युरोपातल्या टीव्हीच्या जोडणीची) केबल मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिचं तेवीस पिनी टोक आता सहज मिळत नाही, नाहीतर मला पंचवीस पिनीचं टोक करवतीने कापून करून द्यावं लागेल. आपल्या टीव्हीला स्कार्ट नसतं, त्याला कन्व्हर्टर लागतो, तो इथे मागवता येतो. व्होल्टेजची काळजी नको, तिकडचं मशीन २४० व्होल्ट, ५० हर्ट्झचंच. फक्त प्लग बदलायचा. हेच अमेरिकेहून येत असतं तर ठोकळाच बदलावा लागला असता.

घरी आल्यावर उत्साहाच्या भरात बटण दाबू नका. आधी ठोकळा एकटा तपासा. ५ व्होल्टच्या तारेवर गाडीचा १२ व्होल्टचा इंडिकेटर बल्ब ओझं म्हणून लावा आणि मग मोजा. ५.२५ च्या वर गेला तर तो ठोकळा मशीनला लावायचा नाही. मशीन चालू असताना प्रिंटर किंवा जॉयस्टिकची केबल काढू-घालू नका, त्या मागे थेट ८५२० चिप आहे आणि ती याच सवयीने मरते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते. सुती पंचा टाका आणि आठवड्यातून एकदा तासभर चालवा. ऐरोलीला खाडी जवळ, माझ्या कोपरीहून काही कोरडी हवा नाही तुमची.

चालू केल्यावर फ्लॉपी धरलेला हात पडद्यावर दिसला तर सगळं ठीक. पडदा हिरवा राहिला तर मेमरी, किंवा प्रवासात ॲग्नस सॉकेटमधून उचलली गेली असेल. लाल राहिला तर रॉम हलला असण्याची शक्यता जास्त. दोन्ही वेळा काही उचकटू नका. ५०० पाठीवरच्या सॅकमध्ये घाला, थोडं वर डोकावेल, आणि रविवारी सकाळी ठाणे लोकल पकडून या. २००० असतं तर रिक्षा करावी लागली असती, आणि वर कोणीतरी धरायला.